बोलावल्याशिवाय न येणारे पाहुणे

मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांचे आजी-आजोबा पुण्याचे असतील, त्यांनी आज संध्याकाळी त्यांना एवढंच विचारा, "पानशेतच्या वेळी तुम्ही कुठे होतात?" आणि मग गप्प बसून ऐका. तेव्हा ते कदाचित तुमच्याएवढेच असतील. कोणी गच्चीवर चढलेलं असेल, कोणी पर्वतीवर पळालेलं असेल, कोणाची दप्तरासकट सगळी पुस्तकं वाहून गेलेली असतील. पण एक गोष्ट बहुधा ते सांगणार नाहीत, कारण ती शहरापासून दूर, भर पावसात, रात्रीच्या अंधारात घडली होती. ती मी सांगतो.

तारीख ११ जुलै १९६१. पुण्याच्या वरच्या अंगाला, आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधायचं काम चाललं होतं. काम पुरतं झालेलं नव्हतं, आणि पाऊस असा लागला होता की थांबायचं नाव घेईना. धरणाच्या पोटातून पाणी सोडायची जी वाट असते, तिचंही काम अर्धवट होतं. तिच्या वरचा भराव खचायला लागला. बांध खाली बसतोय आणि तलाव वर चढतोय, अशी ती जीवघेणी शर्यत! मग लष्कराला निरोप गेला. जवान आले. आणि रात्रभर त्यांनी काय केलं असेल, सांगा पाहू? पोती भरली! वाळूची आणि मातीची पोती. भरायची, पाठीवर घ्यायची, चिखलातून चालत जाऊन खचणाऱ्या बांधावर रचायची, पुन्हा मागे फिरायचं. एक पोतं, दोन पोती, शंभर पोती, हजारो पोती. पायाखालचा बांध केव्हा सुटेल याची शाश्वती नाही, आणि तरी पोत्यांची रांग थांबलेली नाही.

धरण वाचलं का? नाही वाचलं. १२ जुलैच्या सकाळी ते फुटलंच. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या धरणावर येऊन आदळलं, तेही फुटलं, आणि दुपारच्या सुमारास मुठेच्या काठचं पुणं पाण्याखाली गेलं. नदीवरचे पूल दिसेनासे झाले. वाडेच्या वाडे कोसळले.

मग ती पोती वाया गेली म्हणायची का? थांबा, विचार करा. पाणी आलं ते दिवसाउजेडी. लोक जागे होते, डोळ्यांनी बघत होते, मुलाबाळांना घेऊन उंचावर पळू शकत होते. तेच पाणी मध्यरात्री दोन वाजता आलं असतं तर? सगळं शहर अंथरुणात असताना? त्या जवानांनी धरण नाही वाचवलं, पण काही तास मिळवून दिले.

आता माझा तुम्हाला एक प्रश्न. 'लष्कराला निरोप गेला,' असं मी वर म्हटलं. तो निरोप कोणी पाठवला? आणि निरोप पाठवावा का लागला? खडकी, पुणे म्हणजे तर लष्कराचं घरच! जवान आपणहून का नाही निघाले?

शाळेत हा प्रश्न विचारला की मुलं सांगतात, "त्यांना माहीत नसेल." काही जण म्हणतात, "लष्कर फक्त सीमेवर लढतं." तर एखादा हुशार हात वर करून म्हणतो, "पूर आला की राज्य लष्कराच्या ताब्यात जातं!" तिन्ही उत्तरं चूक, बरं का!

मागणी काय करायची?

आपल्या देशात पूर, भूकंप, आग, वादळ अशी आपत्ती आली की तिच्याशी झुंजायचं पहिलं काम असतं मुलकी प्रशासनाचं. मुलकी म्हणजे बिगरलष्करी. गावचे तलाठी, तालुक्याचे तहसीलदार, पोलीस, अग्निशमन दल, सरकारी दवाखाने, आणि जिल्ह्यात या सगळ्यांच्या वर जिल्हाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टर. यांच्या हाताबाहेर काम गेलं तर सरकार लष्कराकडे मदत मागतं. एरवी ही मागणी वरच्या कचेऱ्यांमधून जाते. घाई असेल तर थेट जवळच्या लष्करी ठाण्याला फोन जातो आणि कागद मागाहून पोचतो.

या मागणीत एक गंमत आहे. 'आम्हाला पाचशे जवान द्या,' असं कलेक्टरांनी लिहायचं नसतं. लिहायचं असतं ते काम. अमुक गावाला पाण्याचा वेढा पडलाय, तिथली इतकी माणसं बाहेर काढायची आहेत. अमुक ठिकाणचा पूल वाहून गेलाय, पलीकडे औषधं पोचवायची आहेत. बस्स! मग त्या कामाला किती माणसं लागतील, होड्या लागतील की हेलिकॉप्टर, डॉक्टर न्यायचे की सुरुंगवाले, हे लष्करी अधिकारी ठरवतात. आई तुम्हाला म्हणते ना, "घरातला पसारा आवर." झाडू कोणत्या हातात धरायचा ते सांगत बसत नाही. तसंच हे!

आणि हुकूम कोणाचा? इथे नीट लक्ष द्या, कारण मोठ्या माणसांचाही इथे गोंधळ होतो. जवान फक्त आपल्या अधिकाऱ्याचा हुकूम मानतो. तहसीलदारसाहेब येऊन एखाद्या जवानाला "ए, तू तिकडे जा," असं सांगू शकत नाहीत. पण त्या जवानाचा अधिकारी कलेक्टरांच्या कंट्रोल रूममध्ये त्यांच्या शेजारीच बसलेला असतो. कुठलं काम आधी, कुठलं मागून, हे कलेक्टर ठरवतात. ते काम कसं करायचं, हे तो अधिकारी ठरवतो. जिल्हा चालवतात कलेक्टरच, मग दारात लष्कराच्या शंभर गाड्या उभ्या असल्या तरी!

कशाला हवेत एवढे सोपस्कार, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही लहानपणी वाटायचं. पण जगाच्या नकाशावर असे कितीतरी देश आहेत जिथे काही कारणानं फौज एकदा बराकीतून बाहेर आली आणि मग परत गेलीच नाही. तिचे सेनापतीच खुर्चीवर बसले. आपल्याकडे तसं झालं नाही. निवडून दिलेलं सरकार वर आणि लष्कर त्याच्या आज्ञेत, हा नियम आपण पाळला आणि आपल्या जवानांनीही पाळला. त्यासाठी पूरग्रस्त गावाच्या वेशीवरही तो पाळावा लागतो. बोलावल्यावर यायचं, सांगितलेलं काम करायचं आणि काम संपलं की निघायचं. जेवणाच्या पंगतीला रेंगाळणारा पाहुणा तुम्ही पाहिला असेल. हे पाहुणे तसे नव्हेत!

अर्थात नियम माणसांसाठी असतात. डोळ्यांदेखत माणसं मरत असतील आणि कोणा मुलकी अधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल, तर जवळच्या लष्करी अधिकाऱ्याला हातावर हात ठेवून बसावं लागत नाही. तो काम सुरू करू शकतो. मात्र जमेल तितक्या लवकर त्यानं मुलकी अधिकाऱ्यांना कळवायचं. २६ जानेवारी २००१ला गुजरातमधल्या भुजला अशीच वेळ आली. सकाळचे पावणेनऊ. प्रजासत्ताकदिनाची झेंडावंदनं चाललेली. आणि जमीन हादरली. फोन बंद, वीज बंद, सरकारी रुग्णालयाची इमारतच कोसळलेली. भुजला हवाई दलाचा तळ आहे, लष्कराची छावणी आहे. पण हे मदतीला धावणारे काही सुखरूप नव्हते! तळावरच्या वसाहतीतली घरं पडली होती, त्यांची स्वतःची माणसं त्याखाली गेली होती. तरी तो तळ पुन्हा चालता करण्यात आला, मदतीची विमानं तिथेच उतरू लागली, आणि जखमींवर उघड्या मैदानात उपचार सुरू झाले. स्वतःच्या घरावर दरड कोसळलेली असताना दुसऱ्याच्या घराकडे धावणं म्हणजे काय, याची कल्पना मला तरी करता येत नाही.

त्याआधीचे तास

आता आपल्या मराठवाड्यात चला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या आणि दमलेली गावं झोपली. पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली.

एवढी माणसं का गेली, माहीत आहे? तिथली घरं दगडमातीची. भिंती दीड-दोन हात जाड, आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर जाड मातीचं छप्पर. उन्हाळ्यात थंडगार! वर्षानुवर्षं पावसाळ्याच्या आधी त्यावर नवी माती टाकत गेलेले, म्हणजे छप्पर आणखी जड. मराठवाड्याच्या उन्हाला हे घर उत्तम होतं. पण हादरा बसला तेव्हा गोल दगडांच्या भिंती फुटल्या आणि ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली.

लष्कराला बोलावणं गेलं आणि ते आलंही. पण लातूरच्या गावापर्यंत छावणीतून पोचायचं म्हणजे वेळ जाणारच. मधल्या वेळात ढिगारे कोणी उपसले? वाचलेल्या माणसांनी, शेजारच्या गावांतून धावत आलेल्यांनी, विसर्जनाच्या बंदोबस्तासाठी जागेच असलेल्या पोलिसांनी. हातांनी, फावड्यांनी, जे मिळेल त्यानं! कुठल्याही भूकंपात बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक माणसं पहिल्या काही तासांत शेजाऱ्यांनीच काढलेली असतात. शेजारच्या घरात रात्री कोण कुठल्या खोलीत झोपतं, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असतं ना!

जवान आल्यावर त्यांनी केलेलं काम फोटोत छान दिसणारं नव्हतं. गल्ल्या दगडांनी बुजलेल्या, गाडी आत जाईना, म्हणून हातानं दगड उचलायचे. वरून पाऊस. जिवंत माणूस सापडण्याची आशा दिवसागणिक कमी होत चाललेली. तरी खणायचं, कारण बाहेर त्याची आई नाहीतर मुलगा उभा आहे. आणि या सगळ्यात आणखी एक त्रास झाला, तो सांगताना मला आजही लाज वाटते. बघ्यांचा! 'भूकंप पाहायला' म्हणून गाड्या करकरून लोक आले आणि मदतीच्या वाटा अडल्या. पोलिसांना ढिगारे सोडून बघ्यांना आवरत बसावं लागलं. तुमच्या ओळखीचं कोणी असं 'पाहायला' निघालं, तर त्याला घरीच बसवा.

किल्लारीनंतर, भुजनंतर आणि २००४च्या त्सुनामीनंतर सगळ्यांच्या लक्षात आलं की दर वेळी लष्कराकडेच धावणं काही खरं नाही. जवानाचं मुख्य काम वेगळं आहे, आणि आपत्तीत माणूस वाचवण्याची विद्याही वेगळी आहे. म्हणून २००५मध्ये संसदेनं आपत्ती व्यवस्थापन कायदा केला आणि २००६मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभं राहिलं. टीव्हीवर नारंगी पोशाखातली जी माणसं काँक्रीट कापताना, कुत्र्याला घेऊन ढिगाऱ्यावर फिरताना दिसतात ना, ती या दलाची. ते लष्कर नव्हे! सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशा दलांमधून ही माणसं निवडलेली असतात. त्यांची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. महाराष्ट्राचं आपलं स्वतःचंही एक दल आहे, त्याच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. म्हणजे आता क्रम असा: आधी गाव, पोलीस आणि अग्निशमन दल, मग राज्याचं दल, मग राष्ट्रीय दल, आणि हे सगळे मिळूनही पुरे पडत नाहीत तेव्हा लष्कर, नौदल, हवाई दल. संकट फारच मोठं असलं तर सगळ्यांना एकाच वेळी बोलावतात, ती गोष्ट निराळी.

ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात तसंच झालं. कृष्णा आणि पंचगंगा अशा काही फुगल्या की सांगली शहरात रस्त्यांवरून होड्या फिरू लागल्या. राष्ट्रीय दल आलं, लष्कर आलं, नौदलाचे पाणबुडे आले. बोटीतून सुखरूप बाहेर पडणाऱ्या एका बाईंनी वाकून जवानाच्या पायांना हात लावला, ते दृश्य तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल.

त्याच पुरात आणखी एक दृश्य गावोगाव दिसत होतं, त्याची आठवण मात्र कोणी काढत नाही. बोट भरली की जवान हात आडवा करायचा. "बस! आता पुढच्या फेरीला." काठावरची माणसं गयावया करायची. एकच आजी आहेत हो, घ्या की! एकच पोरगं आहे, मांडीवर बसेल! तरी तो हलायचा नाही. किती निष्ठुर वाटत असेल! पण ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला काय झालं ते ऐका. पुराचा वेढा वाढत होता, बाहेरची मदत अजून पोचायची होती, म्हणून गावकऱ्यांनी आपल्याच बोटीतून माणसं काढायला सुरुवात केली. घाबरलेली माणसं, बायका, मुलं, सगळी एकाच फेरीत चढली. भरलेली बोट पुराच्या पाण्यात उलटली. माणसं बुडाली. कोणाचा दोष म्हणायचा? आपल्या गावाला वाचवायला निघालेल्यांचा तो दोष म्हणवत नाही. पण जवानाचा तो आडवा हात का असतो, हे त्या दिवशी कळलं. बोट किती माणसांची आहे ते तो मोजतो, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट चढवतो, मगच दोर सोडतो. आपण त्या काठावर असलो तर आपलं काम एकच: 'गाव सोडा' अशी दवंडी पहिल्यांदा फिरते ना, तेव्हाच निघायचं. पाणी उंबऱ्याला लागायची वाट पाहायची नाही.

लोखंडी चौकटींचा पूल

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. इथून थेट केरळात जायचं आहे, पण घाबरू नका, तिथेही आपलं माणूस भेटणार आहे!

३० जुलै २०२४च्या पहाटे वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला या डोंगरातल्या गावांवर दरडी कोसळल्या. नदी दगडधोंड्यांसकट गावातून धावली आणि चूरलमलाचा पूल घेऊन गेली. पलीकडच्या माणसांकडे जायचं कसं? पहिल्या दिवशी दोरखंडाच्या आधारानं आणि तात्पुरत्या साकवावरून माणसं इकडे आणली. पण ढिगारे उपसायला जेसीबी हवेत, जखमींना अँब्युलन्स हवी. त्या काही दोरावरून जाणार नाहीत!

मग बेंगळुरूहून मद्रास इंजिनिअर ग्रुप ही लष्कराची तुकडी आली. या लोकांना सॅपर म्हणतात. आपल्या खडकीला असतात ते बॉम्बे सॅपर्स, हे त्यांचे भाऊबंद. त्यांनी ठरवलं, बेली पूल टाकायचा. डोनल्ड बेली नावाच्या एका इंग्रज इंजिनिअरनं दुसऱ्या महायुद्धात हा पूल शोधून काढला. तुमच्यापैकी कोणाकडे मेकॅनो असेल तर तुम्हाला तो चटकन कळेल. लोखंडी पट्ट्यांच्या एकसारख्या चौकटी, प्रत्येक दहा फूट लांब आणि पाच फूट उंच. वजन अडीचशे किलोच्या वर, पण सहा जण मिळून ती उचलू शकतात, क्रेन लागत नाही. ट्रकमध्ये मावते. एका चौकटीला दुसरी जोडायची, भोकात पिन ठोकायची, झालं. वायनाडचा पूल होता १९० फुटांचा. म्हणजे लांबीत किती चौकटी? एकोणीस! आणि पूल एवढा लांब म्हटल्यावर दोन्ही बाजूंना एकीला लागून दुसरी अशा चौकटी लावून तो भक्कम करावा लागतो.

पण खरी करामत पुढेच आहे. समोरच्या काठावर तर कोणीच नाही, मग पूल तिकडे न्यायचा कसा? हे तुम्ही घरी करून पाहा. टेबलावर पट्टी ठेवा आणि कडेच्या बाहेर हळूहळू सरकवा. अर्ध्याच्या पुढे गेली की पडते, बरोबर? आता मागच्या टोकावर खोडरबर ठेवा आणि पुन्हा सरकवा. अरेच्चा! आता बरीच पुढे जाते. बेली पुलाचं तेच. पूल आपल्याच काठावर रुळांवर, म्हणजे फिरत्या लाटण्यांवर जोडत न्यायचा. पुढे एक हलकं नाक बसवायचं, त्याला ना फळ्या ना वजन. मागचं शेपूट जड ठेवायचं. मग सगळ्यांनी मिळून ढकलायचं. हवेत तरंगत तरंगत ते नाक पलीकडच्या काठाला टेकतं, आणि त्याच्या मागून खरा पूल जातो. शेवटी नाक काढून टाकायचं आणि फळ्या अंथरायच्या.

काही सामान विमानानं कन्नूरला आणि तिथून ट्रकनं डोंगरात आलं. पावसात, चिखलात, रात्रीच्या दिव्यांच्या उजेडात काम चाललं. ३१ जुलैला सुरू झालं, १ ऑगस्टच्या संध्याकाळी संपलं. चोवीस टनांपर्यंतचं वाहन पेलणारा पूल, दीड दिवसाच्या आत!

आणि या कामावर उभ्या होत्या मेजर सीता अशोक शेळके. त्या आपल्या पारनेर तालुक्यातल्या, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, जो तेव्हा अहमदनगर म्हणून ओळखला जायचा. लोणीच्या कॉलेजात त्या मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या आणि मग फौजेत गेल्या. पुलाच्या कठड्यावर उभा असलेला त्यांचा फोटो देशभर छापून आला. तिथल्या एकट्या महिला अधिकारी म्हणून सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, पण आपण इथे सैनिक म्हणून आलो आहोत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला ते फार आवडलं. पारनेरमधल्या एखाद्या शाळेत आज जी मुलगी गणिताला घाबरून बसली असेल, तिला कोणीतरी हे सांगा.

पण बेली पूल म्हटला की मला मुंबईची एक गोष्टही आठवते. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला नवे पादचारी पूल बांधायचं काम लष्कराला दिलं आणि फेब्रुवारी २०१८मध्ये ते पूल खुलेही झाले. लोकांना आनंद झाला. पण त्या वेळी काही माजी सैनिक आणि इतरही जाणती माणसं रागावली होती. का माहीत आहे? ती म्हणाली, हा पूर नाही, भूकंप नाही. रोज लाखो माणसं जातात त्या स्टेशनवर पूल हवा, हे तर सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. ते ज्यांचं काम त्यांनी वेळेवर करायचं. प्रत्येक राहिलेल्या कामाला जवान बोलावला, तर जवानानं त्याचं काम केव्हा करायचं?

दुसरी बाजूही आहे. माणसं गेली होती, लोकांना रोज त्याच वाटेनं जायचं होतं, आणि पूल लवकर हवा होता. अशा वेळी ज्याला येतं त्यानं बांधला तर बिघडलं काय? वर्गात यावर वादविवाद घ्या. माझं मत विचाराल तर मला रागावलेल्यांचं पटतं. घरात आग लागली तर शेजाऱ्याला हाक मारावी, पण रोजचं पाणी भरायला त्याला बोलावू नये. शिवाय ही मदत काही फुकट नसते, बरं का! जवानांचा वेळ, इंधन, सामान, हेलिकॉप्टरच्या फेऱ्या, सगळ्याचा खर्च असतो आणि त्याचा हिशेब सरकारांमध्ये होतो. कधी कधी खर्च पैशांपलीकडचाही असतो. जून २०१३मध्ये केदारनाथच्या पुरात अडकलेल्या यात्रेकरूंना काढताना हवाई दलाचं एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळलं. आतले वीसही जण गेले. त्यात हवाई दलाचे होते, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे होते आणि इंडो-तिबेट सीमा पोलीसही होते. वारा, ढग आणि दऱ्या यांना गणवेश ओळखता येत नाही.

वायनाडची गोष्ट अर्धीच राहिली. तिथल्या तिसरीतल्या एका मुलानं लष्कराला मल्याळममध्ये पत्र लिहिलं. ढिगाऱ्याखालून माणसं काढताना त्यानं जवानांना पाहिलं होतं. पोटात भूक असताना नुसती बिस्किटं खाऊन ते पूल बांधत होते, हेही त्यानं टिपलं होतं. मोठा होऊन मीही तुमच्यात येणार, असं त्यानं लिहिलं. आणि लष्करानं त्याला चक्क उत्तर पाठवलं! आम्ही तुझी वाट पाहतो, अशा अर्थाचं.

८ ऑगस्टला बहुतेक जवान वायनाडहून परत निघाले. शोधाचं उरलेलं काम त्यांनी मुलकी प्रशासनाच्या आणि इतर दलांच्या हाती सोपवलं. निरोप द्यायला माणसं जमली होती, टाळ्या वाजत होत्या, काही जण रडत होते. गाड्या घाट उतरून गेल्या. मागे थोडे जवान तेवढे थांबले. पुलाच्या पिना ढिल्या झाल्यात का, फळ्या सरकल्यात का, हे कोणीतरी बघायला हवं होतं ना!